पहिला फ्लाय रॉड घेताना: बेळगाव-खानापूरच्या पाण्यासाठी, परवडेल असा

फ्लाय फिशिंगचे, म्हणजे पिसं बांधलेल्या हुकानं मासे धरण्याचे, व्हिडिओ बघितले की रॉड मागवायची घाई होते. पण त्या व्हिडिओंत बहुतेक ट्राउट असतो, आणि ट्राउटला थंड पाणी लागतं. आपल्या देशात तो काश्मिरात, हिमाचलात, निलगिरीत, मुन्नारला आहे. मलप्रभेत नाही, घटप्रभेत नाही. तेव्हा चार नंबरचा नाजूक रॉड हातात घेऊन व्हिडिओतला माणूस जे सांगतो, ते त्याच्या ओढ्यापुरतं खरं. आपल्याकडं चिलापी आहे, मरळ आहे, कटला-रोहू आहेत आणि माळावरचा वारा आहे. गळ-तंगूस (नायलॉनचा दोरा) हाताळलाय पण फ्लाय रॉड कधी धरलेला नाही, आणि पहिल्याच खेपेला पंधरा-वीस हजार घालायची तयारी नाही, अशांसाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. नऊ फुटी, सहा नंबरचा, चार तुकड्यांचा, मध्यम चालीचा कार्बन रॉड घ्या; नंबर आणि चाल म्हणजे काय ते पुढं येतंच. तो स्वस्तातला चालेल. लाइन मात्र स्वस्तातली घेऊ नका.

नंबर म्हणजे काय

साध्या गळात शिसं पुढं जातं आणि तंगूस त्याच्या मागं ओढला जातो. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळलेला हुक. त्याला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून इथं लाइनच जाड, प्लास्टिकचा लेप दिलेली असते, आणि फेकायचं वजन म्हणजे तीच. बैलगाडीवाल्याचा आसूड कसा मागं उलगडून मग पुढं जातो, तशी ही लाइन आधी पाठीमागं सरळ होऊ द्यायची आणि मग पुढं सोडायची. तिच्या वजनानं रॉड वाकतो आणि सरळ होताना तिला फेकतो. एवढं डोक्यात बसलं की दुकानदार काहीही सांगू दे, फसायला होत नाही.

रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरात लांबी आणि एक आकडा लिहिलेला असतो. तो आकडा म्हणजे रॉड कुठल्या नंबरच्या लाइनसाठी आहे ते. आणि लाइनचा नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. हे वजन ग्रेनमध्ये मोजतात: ५ नंबरला १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम; ६ ला १६० ग्रेन, साधारण १०.४ ग्रॅम; ७ ला १८५ आणि ८ ला २१० ग्रेन. हे माप सगळीकडं एकच असल्यामुळं एका कंपनीचा रॉड आणि दुसऱ्या कंपनीची लाइन बिनधास्त जोडता येते. सहाच्या रॉडवर चारची लाइन घातली तर रॉड वाकतच नाही, आणि नवखा माणूस जोर लावून लावून खांदा दुखवून घेतो.

पाणी ठरवा, मग नंबर ठरवा

निपाणी-चिकोडीकडं वेदगंगा-दूधगंगेवर, संकेश्वरला हिरण्यकेशीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दिवाळीनंतर पाणी निवळलं की बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यात आणि कडेच्या डोहांत चिलापी मिळते. मोझांबिकची ही तिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली आणि आता पाणी दिसेल तिथं ती आहे. नवख्यासाठी याहून चांगला मासा नाही. ती भरपूर आहे, काठाजवळ राहते, ताकदीनं ओढते, आणि बाहेरून आलेली असल्यामुळं घरी नेऊन तळली तरी नदीचं काही बिघडत नाही. चिलापीला पाच नंबर पुरतो. सहा म्हणतो तो वाऱ्यामुळं. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, उघड्या पठारावर बसलंय; दुपारनंतर वारा सुटला की हलकी लाइन तोंडावर परत येते. सहाच्या लाइनचं ते जादा सव्वा ग्रॅम तिथं उपयोगी पडतं.

हिडकलच्या धरणाच्या काठावर, उघड्या पाण्यावर टाकायचं असेल तर सातसुद्धा जास्त नाही. तिथं कटल्यासारखा मोठा मासा चुकून लागला तर रॉडला कणा पाहिजे.

मरळीचं वेगळं आहे. ती गवतात, कमळाच्या पानांखाली बसते. लागली की तिला तिथून लगेच ओढून काढावं लागतं, नाहीतर ती वेलांत गुंडाळून घेते. तिला दात आहेत, आणि तिच्यासाठीचे फ्लाय मोठे, बेडकासारखे, हवेला अडणारे असतात. नुसत्या मरळीसाठी घ्यायचा तर आठ नंबर घ्या. पण पहिलाच रॉड आठचा घेऊ नये असं मला वाटतं. तो दिवसभर हलवून मनगट भरून येतं आणि लहान माशाची काही मजा उरत नाही. सहाच्या रॉडवर मध्यम मरळ निघते, फक्त पुढचा तंगूस जाड ठेवावा. पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा लालसर पुंजका पाण्यावर दिसला तर तिथं गळ टाकू नका. नर-मादी खाली राखण करत असतात आणि रागानं कशावरही झेपावतात. त्यांना उचललं की ती सगळी पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

खानापूरकडच्या लहान ओढ्यांसाठी रील नसलेली एक स्वस्त वाट आहे, ती पुढं सांगतो. आणि खडस, म्हणजे दख्खनचा महसीर, मनात धरून पहिला रॉड घेऊ नका. तो दांडेलीकडं काळी नदीत आहे, परवानगी काढून, पकडून पुन्हा सोडायच्या बोलीवर करायची ती गोष्ट आहे. त्याला आठ-नऊ नंबर आणि थोडा अनुभव लागतो.

लांबी, तुकडे, चाल

लांबीचा फार विचार करू नका, नऊ फूट. काठावर झुडपं असली तरी लाइन वरून जाते आणि जगात सगळ्यात जास्त रॉड याच लांबीचे बनत असल्यामुळं स्वस्तातही निवड मिळते.

चार तुकडेच घ्या. नऊ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर. चार तुकड्यांचा रॉड सुटा केला की सत्तर-बहात्तर सेंटिमीटरचा होतो. तेवढा एसटीच्या रॅकवर बसतो, मोटारसायकलवर पाठीला अडकवता येतो. दोन तुकड्यांचा थोडा स्वस्त मिळतो, पण साडेचार फुटांची काठी घेऊन खानापूर बसमध्ये शिरून दाखवा.

चाल म्हणजे रॉड कुठून वाकतो ते. फास्ट रॉड वरच्या टोकाकडच्या भागातच वाकतो, मध्यम रॉड निम्म्यापर्यंत, आणि स्लो अगदी मुठीपर्यंत. जाहिरातीत फास्ट शब्दाचा फार बडेजाव असतो. फास्ट रॉड लांब फेकतो हे खरं, पण हाताची वेळ चुकली की तो माफ करत नाही. शिकताना लाइन मागं सरळ झाल्याचं हाताला कळायला हवं, आणि ते मध्यम चालीत कळतं. आपल्याला बंधाऱ्यावर चाळीस फुटांपलीकडं क्वचितच टाकायचं असतं.

फायबरग्लासचे रॉड स्वस्त आणि दणकट असतात, पोरांनी पाडले तरी टिकतात. पण ते जड आणि संथ असतात, आणि वाऱ्यात त्यांचं काही चालत नाही. कार्बन घ्या. कार्बनवर आयएम ६, आयएम ८ असं काहीबाही छापलेलं असतं. ती हेक्सेल या अमेरिकी कंपनीच्या कार्बन धाग्यांची नावं आहेत. आकडा मोठा म्हणून रॉड चांगला, असं काही नसतं. त्यापेक्षा वजन विचारा. नऊ फुटी सहा नंबरचा बरा कार्बन रॉड शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असतो. दोनशेच्या वर सांगत असतील तर सोडून द्या.

पैसे कुठं घालायचे

समजा सगळ्याचे मिळून दहा हजार ठेवलेत. मी ते असे वाटीन: रॉडला चार, लाइनला अडीच ते तीन, रीलला दीड-दोन, आणि उरलेले लीडर (लाइनच्या पुढचा निमुळता तंगूस), साधा तंगूस, हुक यांना. बरेच जण उलटं करतात. चकचकीत रील घेतात आणि लाइन जी फुकट येते ती वापरतात. चिलापीच्या मासेमारीत रीलचं काम लाइन गुंडाळून ठेवायचं एवढंच. मासा तर आपण डाव्या हातानं लाइन खेचूनच आणतो. रील अ‍ॅल्युमिनियमचं असावं, फिरताना डुगडुगू नये, आणि ब्रेकची खुंटी फिरवल्यावर काहीतरी फरक पडावा. प्लास्टिकचं नको, बास.

लाइनच्या खोक्यावर ‘डब्ल्यूएफ ६ एफ’ असं लिहिलेलं शोधा. डब्ल्यूएफ म्हणजे वजन पुढच्या भागात, ६ म्हणजे नंबर, शेवटचा एफ म्हणजे तरंगणारी. शेवटी एस असेल तर ती बुडणारी. ती आत्ता नको. आणखी एक गोष्ट इथल्या उन्हासाठी महत्त्वाची. थंड पाण्यासाठी बनवलेल्या लाइन आपल्या एप्रिल-मे महिन्यात मऊ, चिकट होतात आणि रॉडवरच्या कड्यांतून सरकत नाहीत. उष्ण पाण्यासाठी म्हणून वेगळ्या, जरा कडक लाइन मिळतात, त्या विचारून घ्या. लाइनीला डास पळवायचं मलम आणि पेट्रोल लागू देऊ नका, लेप खराब होतो. अधूनमधून कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन कापडानं पुसली की ती बरीच वर्षं जाते.

लाइनच्या मागं, रीलच्या तळाशी, बॅकिंगचा, म्हणजे राखीव जादा, दोरा असतो. पुढं नऊ फुटांचा निमुळता लीडर, आणि त्याच्या टोकाला बारीक तंगूस, म्हणजे टिपेट. टिपेटचा हिशोब उलटा आहे: एक्सच्या आधीचा आकडा वाढला की जाडी कमी. अकरातून तो आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजारांशांत मिळते. ४ एक्स म्हणजे सात हजारांश इंच, साधारण ०.१८ मिलिमीटर, चिलापीला हे ठीक. मरळीला एक्सचं गणित सोडा आणि ०.३५-०.४० मिलिमीटरचा साधा तंगूस बांधा. तो कुठल्याही मासेमारीच्या दुकानात मिळतो आणि इथं तीस-चाळीस रुपयांचा तंगूस वापरण्यात कमीपणा काही नाही.

सगळं एकत्र असलेले संच मिळतात: रॉड, रील, लाइन, डबीभर फ्लाय. मॅक्सिमम कॅच या चिनी कंपनीचे असे संच नवख्यांत बरेच चालतात. संच घ्यायला हरकत नाही, पण त्यातली लाइन शिकण्यापुरती धरा. परदेशातून थेट मागवलं तर सीमाशुल्क आणि कुरिअर धरून किंमत काढा. पडद्यावर दिसणारा आकडा शेवटचा नसतो. रेडिंग्टन, ऑर्विस ही अमेरिकी नावं चांगली, पण तिकडं ‘स्वस्त’ म्हणतात ते आपल्या खिशाला स्वस्त नव्हे.

रॉड हातात आल्यावर

फ्लाय रॉड बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो, म्हणून खोकं उघडतानाच मोबाइलवर व्हिडिओ करा. मग सावकाश बघा.

तुकडे एकमेकांत घालताना थोडे तिरके धरून, ढकलता ढकलता पाव फेरा फिरवून सरळ करा. तुकड्यांवर ठिपके असतात, ते एका रेषेत आले पाहिजेत. जोडल्यावर मुठीकडून एका डोळ्यानं टोकापर्यंत बघा. कड्या एका ओळीत दिसल्या पाहिजेत. हलवून कुठं टकटक येते का ऐका. सांधा ढिला वाटला तर आतल्या तुकड्याच्या टोकाला साधी मेणबत्ती घासा, पकड येते.

कड्या मोजा. फुटाला एक कडी आणि टोकाची वेगळी, असा हिशोब आहे. नऊ फुटीला सहा-सातच कड्या असतील तर पैसे वाचवलेत कुणीतरी, आणि लाइन रॉडला चिकटत चिकटत जाईल. मुठीजवळची पहिली मोठी कडी चिनी मातीच्या वर्तुळाची असावी. कानात घालतो ती कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवा. कापसाचा धागा अडकला तर तिथं खरखरीत कड आहे, आणि ती कड उद्या तुमची अडीच हजारांची लाइन सोलणार. असा रॉड परत पाठवा, कानसनं घासत बसू नका.

दोऱ्याच्या वेढ्यांवरचा चकचकीत लेप कड्यांच्या पायापर्यंत गेलाय का बघा; उघडा दोरा पाणी पितो. मुठीचा कॉर्क स्वस्तात भोकाभोकांचा असतो आणि भोकं पुट्टीनं भरलेली असतात. दिसायला वाईट, कामाला चालतं. रीलची बैठक मात्र नीट तपासा. रील बसवून आटे घट्ट करा आणि पाच मिनिटं झटके द्या. आटे सैल झाले तर तेही परतीचं कारण.

पाण्यावर जायच्या आधी गवतावर

टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, गावाकडं कापणी झालेलं शेत असेल. हुकच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा आणि वीस-पंचवीस फूट लाइन मागं-पुढं करा. डांबरी रस्त्यावर किंवा गच्चीवर करू नका, लाइन घासली जाते. पाठीमागं लाइन पूर्ण सरळ व्हायची वाट बघायची. बहुतेक चुका तिथंच होतात. लोक थांबून बघणार हे धरून चाला. बंधाऱ्यावर तर कुणी ना कुणी म्हणणारच, “काय ओ, मासं धरालायसा का माश्या हाकालायसा?” हसून सोडून द्या. तोच माणूस नंतर चिलापी कुठं बसते ते दाखवतो.

आता एक गोष्ट अजिबात हसण्यावारी न्यायची नाही. कार्बनमधून वीज जाते. नदीकाठच्या प्रत्येक मळ्यात पंपसेट आहे आणि तारा लोंबकळत आलेल्या असतात. नऊ फुटी रॉड उभा धरला, हात वर केला, की टोक किती वर जातं ते एकदा भिंतीशी उभं राहून बघा. तारेखाली रॉड जोडायचा नाही, जोडलेला रॉड घेऊन तारेखालून चालायचं नाही, आणि वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की काठी खाली ठेवून बाजूला व्हायचं. कृष्णाकाठी मगरी आहेत, दांडेलीला काळी नदीत आहेत. तिकडं पाण्यात उतरून टाकायची हौस नको.

कुणाला विचारायचं

तळी आणि धरणं बऱ्याचदा मासेमारीच्या ठेक्यानं किंवा सोसायटीला दिलेली असतात. त्यात सोडलेलं कटला-रोहूचं बी कुणाच्या तरी पैशाचं आहे, तेव्हा आधी पंचायतीत आणि ठेकेदाराला विचारा. नदी-धरणाच्या परवान्यासाठी मत्स्य खात्यात जायचं; पाटी कन्नडमध्ये असते, ‘मीनुगारिके इलाखे’ शोधा. राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं, तिथं गळ नको. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं तर काठी घेऊन जायचंच नाही. असोग्यासारख्या ठिकाणी देवळाच्या घाटापासून लांब बसा. जून-जुलैत चढणीचे मासे अंडी घालायला ओढ्यांत शिरतात. त्या दिवसांत पाणीही गढूळ असतं, फ्लाय माशाला दिसतच नाही.

आणखी स्वस्तात करायचं असेल तर

ओढ्यांसाठी म्हटलं होतं ती वाट म्हणजे तेंकारा. ही जपानी पद्धत: साधारण बारा फुटांची, एकात एक सरकणारी हलकी काठी, टोकाला थेट बांधलेला दोरा, रील नाही, कड्या नाहीत. आपल्या मेसकाठीच्या गळाची ती चुलत बहीणच. रील आणि जाड लाइन दोन्ही वाचत असल्यामुळं खर्च निम्म्यावर येतो. बारीक माशांना आणि तळहाताएवढ्या चिलापीला ती उत्तम. मोठा मासा लागला तर सोडायला दोराच नसतो, त्यामुळं धरणावर ती नेऊ नका. सरकणारा, म्हणजे टेलिस्कोपिक, रॉड तेंकारात ठीक. रीलवाल्या फ्लाय रॉडमध्ये ‘टेलिस्कोपिक’ दिसला तर घेऊ नका.

फ्लायवर पैसे घालवू नका. आठ ते बारा नंबरचे हुक (इथंही आकडा मोठा तेवढा हुक लहान), काळा शिवणदोरा, आणि गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं. चिकनच्या दुकानात मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. साबणानं धुऊन वाळवायची. पिसाचा देठ हुकच्या डोळ्याजवळ दोऱ्यानं बांधायचा, पीस आडवं धरून दोन-तीन वेढे द्यायचे, म्हणजे केस चहूकडं उभे राहतात, आणि मागच्या दांडीवर तपकिरी लोकर. ओबडधोबड झाला तरी चालतो. चिलापी त्यात खोट काढत नाही.

रॉड मोडतो तो माशानं क्वचित. दारात सापडून, बुटाखाली, स्कूटरच्या स्टँडखाली मोडतो, नाहीतर मासा पायाशी आला असताना काठी सरळ आभाळाकडं उभी केली की टोक जातं. मासा जवळ आला की काठी कलती ठेवून जाळीनं उचला. घरी-प्रवासात नळीत ठेवा: नळाच्या सामानाच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी पाइप ऐंशी सेंटिमीटर कापून घ्या, एका बाजूला टोपी चिकटवा, दुसऱ्या बाजूला आट्यांची लावा. ओला रॉड त्यात घालून टोपी लावली तर पावसाळी हवेत कॉर्कला बुरशी धरते, म्हणून घरी आल्यावर तुकडे सुटे करून पंख्याखाली ठेवायचे आणि कापडी पिशवी वेगळी वाळत टाकायची.